झाडूसाठी खुंटी

फुलझाडू पाच-सहा महिन्यांचा झाला की त्याचा फुलोरा एका बाजूला वळलेला दिसतो. झाडताना हात एकाच दिशेनं फिरतो, म्हणून तसं होतं असं आपण समजतो, आणि ते थोडंफार खरंही आहे. पण झाडण्यात दिवसाची किती मिनिटं जातात? उरलेला सगळा वेळ झाडू दाराआड किंवा फ्रिजच्या फटीत तिरका उभा असतो, आणि त्याचा सगळा भार काड्यांच्या टोकांवर पडलेला असतो. गवताची काडी बराच काळ वाकवून ठेवली की ती हळूहळू तोच आकार धरते. हवा दमट असली तर आणखी लवकर धरते. त्यामुळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोपऱ्यातल्या झाडूचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. फुलोरा वळला की तो भिंतीच्या कडेला नीट पोचत नाही आणि बारीक धूळ मागे राहते. मग झाडणारी व्यक्ती जोर लावते, काड्या बांधणीपाशी तुटू लागतात, आणि एरवी वर्षभर टिकला असता असा झाडू दिवाळीच्या आतच टाकावा लागतो.

त्यावर उपाय अगदी लहान आहे. झाडू जमिनीवरून उचलून भिंतीवर टांगायचा. त्यासाठीचे होल्डर भांड्यांच्या आणि हार्डवेअरच्या दुकानांत शंभर-दोनशे रुपयांत मिळतात, आणि सुताराकडून फळी करून घेतली तर तीही फार महाग पडत नाही. मात्र बहुतेक घरांत होल्डर आणला जातो तो भिंत पाहून किंवा नुसता आकार पाहून. त्यातला एखादा महिनाभरात निखळतो, एखाद्यात घरातली केरसुणी बसतच नाही, आणि झाडू पुन्हा कोपऱ्यात जातो. होल्डर निवडताना सुरुवात झाडूपासून करायला हवी, आणि म्हणून या प्रकरणाचीही सुरुवात तिथूनच करू.

मराठी घरात झाडू एका जातीचा नसतो. फुलझाडू ज्या उंच गवताच्या तुऱ्यांपासून होतो, ते ईशान्य भारतात आणि हिमालयाच्या पायथ्याशी वाढतं. मेघालयाच्या डोंगरउतारांवर त्याची मुद्दाम लागवड करतात आणि साधारण जानेवारी ते मार्चच्या दरम्यान तुरे कापतात. म्हणजे आपण घर झाडतो ते गवताच्या मोहोरानं. नव्या झाडूतून सुरुवातीला जो भुसा गळतो, तो या मोहोराचाच. हा तुरा फार नाजूक असतो. बारीक धूळ गोळा करण्यात त्याला तोड नाही, पण दाब आणि पाणी ही दोन्ही त्याला सोसत नाहीत.

केरसुणी शिंदीच्या पात्यांची. पाती वाळवायची, चिरून बारीक करायची, मुठीत मावेल अशी मूठ बांधायची आणि खालचा भाग पंख्यासारखा पसरू द्यायचा. महाराष्ट्रात हे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्यानं मातंग समाजातल्या कारागिरांनी केलं आहे, आणि चांगल्या केरसुणीची मूठ पाहिली की त्या हातांची सफाई कळते. तिला लांब दांडा नसतो. मूठ जाड, शेंड्याकडे किंचित निमुळती आणि खडबडीत असते. नळीसारख्या गुळगुळीत दांड्यासाठी केलेला कोणताही होल्डर तिला धरू शकत नाही, कारण तो केरसुणी डोळ्यांसमोर ठेवून केलेलाच नसतो.

तिसरा खराटा, नारळाच्या झावळीतल्या हिरांचा. तो कोकणात अंगणासाठी आणि शहरात न्हाणीघरासाठी वापरतात. हीर ताठ असतात आणि पाणीही बऱ्यापैकी सोसतात, पण ओला खराटा फरशीवर टेकवून ठेवला की बांधणीतला ओलावा दिवसभर वाळत नाही. सुतळी कुजते आणि एका सकाळी सगळे हीर सुटून हातात येतात. याखेरीज हल्ली प्लास्टिकच्या तंतूंचे ब्रश आणि लादी पुसायचे मॉप आले आहेत. प्लास्टिक कुजत नाही, मात्र गॅलरीत थेट उन्हात टांगलं तर दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होतं.

आता प्रश्न येतो रीतिरिवाजाचा, आणि तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. आपल्याकडे केरसुणी म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळद-कुंकू वाहतात. तिला पाय लागला तर नमस्कार करतात. ती उभी ठेवू नये, आडवी ठेवावी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर नसावी, असं घरोघरी सांगितलं जातं. या सांगण्यामागं काय श्रद्धा आहे ती ज्याची त्यानं जपावी. पण त्यानं केरसुणीचं आयुष्य वाढतं हेही खरं आहे, कारण आडव्या केरसुणीच्या टोकांवर भार येत नाही. फक्त जमिनीवर आडवी ठेवली की ती पायात येते, तिच्याखाली ओल राहते, झुरळांना आडोसा मिळतो आणि मातीच्या जमिनीत वाळवीही चढते. तीच केरसुणी भिंतीवर समान उंचीच्या दोन खुंट्यांवर आडवी ठेवली तर रिवाजही पाळला जातो आणि केरसुणीही सुरक्षित राहते. दोन खुंट्यांमध्ये वीतभर अंतर पुरतं. मला स्वतःला ही मांडणी फार आवडते.

खुंटी काही आपल्याला नवी नाही. जुन्या वाड्यांच्या भिंतींत लाकडी खुंट्या बांधकामाच्या वेळीच बसवत. त्यांवर पगडी, उपरणं, कंदील, पिशवी असं सगळं असे. केरसुणीला मात्र तिथे क्वचितच जागा मिळे. ती बहुधा मागच्या दारी किंवा दाराच्या पाठीमागेच राहिली. झाडूलाही इतर वस्तूंच्या बरोबरीनं भिंतीवर मानाची जागा देणाऱ्यांचं एक ठळक उदाहरण अमेरिकेत सापडतं.

ॲन ली नावाची इंग्लंडच्या मँचेस्टरमधली एक कामकरी बाई आपल्या मोजक्या अनुयायांसह 1774 साली अमेरिकेत पोचली. तिच्यामागून उभा राहिलेला पंथ शेकर म्हणून ओळखला जातो. ब्रह्मचर्य, सामाईक मालमत्ता आणि हातानं केलेलं चोख काम ही त्यांची जगण्याची रीत. स्वच्छता त्यांच्या लेखी उपासनेचाच भाग होती. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, केंटकी इथल्या त्यांच्या वस्त्यांतली जतन केलेली घरं पाहिली तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. खोलीच्या भिंतींवर साधारण डोक्याच्या उंचीला लाकडी पट्टी फिरवलेली असते, आणि तिच्यात ठरावीक अंतरानं लेथवर कातलेल्या खुंट्या असतात. तिच्यावर टोप्या, झगे, मेणबत्तीचे दिवे, झाडू आणि खुर्च्यासुद्धा टांगत. जमीन झाडायची वेळ झाली की हलक्या खुर्च्या उचलून खुंट्यांवर उलट्या अडकवायच्या, म्हणजे खाली मोकळी फरशी उरते. भिंतीवरची ती पट्टी साठवणीसाठी होती, आणि झाडणाऱ्याचं काम हलकं करणं हाही तिचा तितकाच मोठा उपयोग होता.

शेकरांचं नाव झाडूच्या इतिहासात आणखी एका कारणानं येतं. तोवर झाडू गोल जुडीचे असत. जुडी दाबून चपटी करायची आणि आडव्या टाक्यांच्या ओळींनी शिवायची, ही कल्पना न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हलिएट वस्तीतल्या थिओडोर बेट्स या शेकराच्या नावावर सांगितली जाते, आणि त्यासाठी 1798 हे साल दिलं जातं. चपट्या झाडूची झाडणारी कड रुंद होते आणि एका फटकाऱ्यात जास्त जागा साफ होते. हे झाडू ज्या पिकाचे होते, ते आपल्या ज्वारीचंच भावंड आहे. जाती एकच, फक्त दाण्याऐवजी लांब, लवचीक तुऱ्यासाठी निवडत नेलेला वाण. शेकरांनी हे झाडू विकून आपल्या वस्त्यांचा खर्च बराचसा भागवला. चपट्या झाडूचा एक फायदा भिंतीलाही झाला. गोल जुडी टांगली की ती खोलीत पुढे येते, चपटा झाडू मात्र भिंतीला चिकटून राहतो आणि येता-जाता अंगाला लागत नाही.

आता होल्डरकडे वळू. टांगलेल्या झाडूचा तोल साधा असतो. त्याचं बहुतेक वजन खाली, फुलोऱ्याकडे. वर, दांड्याच्या टोकाशी धरलं तर तो लंबकासारखा सरळ लोंबतो आणि हललाच तर पुन्हा जागेवर येतो. फुलोरा वर करून धरायचा म्हटलं, तर पकड वजनाच्या मध्याखाली येते, झाडू कलंडू पाहतो आणि दोन ठिकाणी धरावा लागतो. तेव्हा टोक खाली आणि पकड वर ठेवावी, आणि फुलोरा जमिनीपासून निदान वीतभर उंच राहावा. इतकी मोकळी जागा असली की खालून लादी पुसता येते आणि झाडूला हवा मिळते.

पकडीचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला आकडा किंवा खुंटी. दांड्याच्या टोकाला कडी, भोक किंवा दोरीचा फास असला की काम झालं. आपल्याकडच्या बऱ्याच फुलझाडूंच्या प्लास्टिकच्या दांड्याला ही कडी मुळातच असते, तरी ती वापरात येत नाही याचं मला वाईट वाटतं. दुसरा प्रकार क्लिपचा. पोलादी पट्टीला किंवा प्लास्टिकला दोन कान असतात, दांडा दाबला की ते फाकतात आणि पुन्हा मिटतात. स्वस्त, पण जाडीच्या बाबतीत हट्टी. दांडा जरा बारीक असला तर निसटतो, जाड असला तर शिरत नाही, आणि रोजच्या फाकण्यानं प्लास्टिकचे कान वर्षभरात सैल पडतात.

तिसरा प्रकार सगळ्यात देखणा. त्यात दोन तिरक्या भिंतींच्या मधल्या पोकळीत रबरी चाकं किंवा गोळे असतात. पोकळी खाली अरुंद, वर रुंद. दांडा खालून वर सरकवत आत दाबला की चाकं वर जातात आणि वाट मोकळी होते. हात सोडला की झाडू आपल्या वजनानं किंचित खाली येतो, घर्षणामुळे चाकांनाही खाली ओढतो, आणि चाकं अरुंद जागेत शिरून दांडा आवळतात. दाराखाली सरकवलेली पाचर जशी दार ढकललं की आणखी घट्ट होते, तसंच हे. वजन जितकं जास्त, पकड तितकी पक्की. स्प्रिंगचा जोर लागत नाही, सैल पडण्यासारखं फारसं काही नसतं, आणि चाकाला सरकायला जागा असल्यामुळे बारीक-जाड दांडे एकाच पकडीत बसतात. काढताना झाडू थोडा वर उचलून पुढे घ्यायचा. जे लोक तो खाली किंवा सरळ पुढे खेचतात ते होल्डर भिंतीतून उपटतात.

ही पकड कधी सुटते तेही समजून घेण्यासारखं आहे. तिरकी भिंत आणि दांडा यांच्यातला कोन एका मर्यादेपलीकडे गेला की चाक आवळण्याऐवजी घसरतं. ती मर्यादा घर्षणावर अवलंबून असते. घर्षणगुणांक 0.5 धरला तर हिशेबानं हा कोन सुमारे 53 अंशांपर्यंत चालतो. पण रबरावर धूळ बसली, दांड्याला साबणाचं पाणी किंवा स्वयंपाकघरातलं तेल लागलं, की घर्षणगुणांक 0.2 पर्यंत उतरू शकतो, आणि मग मर्यादा 23 अंशांच्या आसपास येते. चांगल्या होल्डरमध्ये हा कोन मुळातच लहान ठेवलेला असतो. आपल्याकडचा झाडू अचानक घसरू लागला तर होल्डर बदलण्याआधी चाकं आणि दांडा ओल्या फडक्यानं पुसून, कोरडे करून पाहावेत. पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं.

यानंतर भिंत. दीड किलोचा ओला मॉप भिंतीपासून 6 सेंटीमीटर पुढे टांगला आणि होल्डरचा वरचा स्क्रू त्याच्या खालच्या कडेपासून 5 सेंटीमीटर उंच असला, तर त्या स्क्रूला बाहेर ओढणारं बळ सुमारे 1.8 किलो भरतं. आकडा 12 सेंटीमीटर पुढे आला तर ते दुप्पट होतं. हे ओझं स्क्रूला जड नाही, पण रोजचे हिसके त्यात धरलेले नाहीत. म्हणून दांड्याच्या जाडीपुरता बसका होल्डर निवडावा आणि स्क्रू शक्य तितका वरच्या बाजूला असलेला पाहावा.

विटांच्या भिंतीत स्क्रू नुसता धरत नाही. पूर्वी लाकडी गुट्टी ठोकत, आजही अनेक इलेक्ट्रिशियन ठोकतात. 1910 च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जॉन जोसेफ रॉलिंग्ज या कंत्राटदाराला ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींवर विजेची जोडणी फारशी तोडफोड न करता बसवायची होती. त्यानं तागाच्या तंतूंची, चिकट द्रव्यानं घट्ट केलेली पोकळ नळी भोकात बसवली. स्क्रू आत शिरताच ती फुगून भोकाच्या कडांवर दाबली जाई. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘रावल प्लग’ मागतात तो त्याच्याच नावाचा. 1958 मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनचा प्लग आणला आणि आज घरोघरी तशाच धाटणीचे प्लग असतात. गंमत अशी की भिंतीतला प्लग बाहेरच्या बाजूला दाब देऊन धरतो आणि होल्डरमधली चाकं आतल्या बाजूला दाब देऊन धरतात, पण दोन्हीकडे काम घर्षणाचंच.

प्लग बसवताना होणारी नेहमीची चूक म्हणजे तो गिलाव्यातच राहणं. आतला गिलावा साधारण 12 ते 15 मिलिमीटर असतो आणि तो ठिसूळ. प्लग त्याच्या पलीकडे विटेत जायला हवा, म्हणून 6 मिलिमीटरच्या प्लगसाठी भोक निदान 40 मिलिमीटर खोल घ्यावं आणि फुंकून किंवा जुन्या ब्रशनं आतली भुकटी काढावी. भुकटी राहिली की प्लग गुळगुळीत फिरतो. कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीत पोकळ्या असतात, तिथे जाड आणि लांब प्लग लागतो. नव्या इमारतींतले हलके, फिकट करडे सच्छिद्र ब्लॉक फारच मऊ. त्यांत ड्रिलचा ठोका बंद ठेवून भोक पाडावं आणि त्या ब्लॉकसाठीचेच प्लग वापरावेत. टाइलवर कागदी पट्टी चिकटवून, ठोका न देता सुरुवात करावी, टाइल पार झाली की मगच ठोका चालू करावा. आणि स्विचबोर्डच्या किंवा नळाच्या सरळ वर-खाली भोक कधीच घेऊ नये, तिथून वायर आणि पाइप गेलेले असतात.

भाड्याच्या घरात भोक पाडायची मुभा नसेल तर चिकटपट्टीचे होल्डर मिळतात. स्वच्छ, कोरड्या टाइलवर ते बरे टिकतात, फक्त चिकटवल्यावर एक दिवस काही अडकवू नये. डिस्टेंपरच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर मात्र ते लावू नयेत. तिथे चिकटपट्टी भिंतीला नव्हे, रंगाच्या थराला धरते आणि थरासकट खाली येते.

सगळ्या जातींचे झाडू असलेल्या घरासाठी मला सर्वांत योग्य वाटते ती खुंट्यांची साधी फळी. सागाची किंवा कोणत्याही मुरलेल्या लाकडाची, दोन ते अडीच फूट लांब, तीन इंच रुंद, पाऊण इंच जाड. तिच्यात दीड सेंटीमीटर जाडीच्या खुंट्या, टोकाकडे पाच-दहा अंश वर कललेल्या, म्हणजे फास घसरत नाही. केरसुणीच्या मुठीला सुतळीचा फास बांधून ती एका खुंटीवर लटकवावी किंवा दोन खुंट्यांवर आडवी ठेवावी. फुलझाडूची कडी दुसऱ्या खुंटीवर. सुपलीला भोक असतंच. मॉपचा दांडा जाड असेल तर फळीच्या एका टोकाला चाकांचा एकच होल्डर स्क्रूनं बसवता येतो. अंतर ठरवताना दांडे मोजू नयेत, फुलोरे मोजावेत. फुलझाडू खाली जवळजवळ फूटभर पसरतो, आणि दोन फुलोरे एकमेकांत अडकले की काढताना दोघांच्याही काड्या मोडतात. मध्ये केरसुणी किंवा सुपली घेतली तर उंचीतल्या फरकामुळे जागा वाचते.

ओला मॉप आणि न्हाणीतला खराटा मात्र या फळीवर नकोत. त्यांचं पाणी शेजारच्या फुलझाडूत उतरतं. त्यांना वेगळी, वाऱ्याची जागा द्यावी, आकडा गंज न धरणारा असावा, आणि टांगण्याआधी ते पिळून किंवा आपटून पाणी काढावं.

फळीची उंची टेपनं ठरवण्याआधी रोज झाडणाऱ्या व्यक्तीला भिंतीपाशी उभं करावं. ती घरातली आई असेल, कामाला येणाऱ्या मावशी असतील किंवा शाळकरी मुलगा. त्यांनी झाडू हातात घेऊन, खांदा न ताणता, आरामात अडकवता येईल तिथे दांड्याचं टोक टेकवावं आणि पेन्सिलीची खूण करावी. फुलोरा जमिनीपासून वीतभर उंच राहतो ना एवढं पाहावं, आणि भोक तिथेच पाडावं.